सीलिंग मशीनची निक्रोम पट्टी सारखी तुटते, बॅटरीवाली निकेल पट्टी लावली तर चालेल का?

तासगाव_बेदाणा
नमस्कार मंडळी. तासगावला आमचं बेदाणा पॅकिंगचं छोटं युनिट आहे, अर्धा किलोचे पाऊच, पायाने दाबायचं सीलिंग मशीन, त्याची तापणारी पट्टी 300 मिमी लांब, 3 मिमी रुंद, 0.2 मिमी जाड. आधी एक पट्टी सीझनभर जायची, आता नवीन लावली की थोड्याच दिवसात मध्येच एका जागी लाल होते आणि तिथंच तुटते, पाऊच जळतात ते वेगळंच, बायका बसून राहतात आणि तिकडं गाडी माल भरायला उभी असते. दुकानदार म्हणतो निक्रोमच आहे. गावात फवारणी पंपाच्या बॅटऱ्या बांधणारा एक पोरगा आहे, तो म्हणतो माझ्याकडं निकेलची पट्टी आहे, जाडी जवळपास तीच, लावून बघू. लावू का?

मिरज_वाईंडिंग
दादा अजिबात नका लावू, ट्रान्सफॉर्मर जाईल. बॅटरीची पट्टी शुद्ध निकेलची असते, ती करंट वाहून न्यायला असते, तापायला नाही. निक्रोम म्हणजे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम, त्याचा रेझिस्टन्स शुद्ध निकेलच्या पंधरा पट तरी असतो. तुमच्या मापाची निक्रोम पट्टी अर्ध्या ओहमच्या थोडी वर, 0.55 च्या आसपास यायला पाहिजे, निकेलची 0.04 पण भरणार नाही, म्हणजे शॉर्टच की.

मला तुमच्या आत्ताच्या पट्टीवरच शंका आहे. चुंबक लावून बघा, निक्रोमला चिकटत नाही. पण स्टेनलेस 304 ला पण नीट चिकटत नाही, म्हणून रेझिस्टन्स मोजाच. साधा मल्टिमीटर एवढं कमी नीट दाखवत नाही, तर 12 व्होल्टची बॅटरी घ्या, हेडलाइटचा बल्ब आणि पट्टी सिरीजमध्ये जोडा, अँपिअर बघा, पट्टीच्या दोन टोकांवरचे व्होल्ट बघा आणि व्होल्टला अँपिअरने भागा, आला तो रेझिस्टन्स.

कुपवाड_फर्नेस
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत हीच 80-20 ची जाड पट्टी असते, हवेत 1200 डिग्रीपर्यंत चालते कारण वर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू वाचतो. तुमचं काम दोनशेच्या आसपासचं, त्यामुळं खरी निक्रोम एवढ्या लवकर जायला नको. कुणी कँथल घ्या म्हणालं तर ते लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियम आहे, भट्टीत त्याच्याहून जास्त तापमान सोसतं पण एकदा लाल झालं की ठिसूळ होतं, सीलरला नको. गंधकाची धुरी दिलेला बेदाणा असला तरी काळजी नको, निकेलला गंधक बाधतो तो भट्टीच्या तापमानाला, तुमच्या नाही.

पट्टीच्या एका टोकाची स्प्रिंग मात्र बघा. तापल्यावर 300 मिमी पट्टी अर्धा-पाऊण मिमी वाढते, स्प्रिंग मेलेली असेल तर पट्टी फुगून वर येते, खालच्या जबड्याला टेकत नाही आणि तेवढीच जागा लाल होते.

तासगाव_बेदाणा
मोजलं. 4.4 अँपिअर, 1.6 व्होल्ट. चुंबक हलकासा ओढतोय. स्प्रिंग ठीक आहे पण पट्टीवरचं टेफ्लॉन कापड मधोमध काळं पडून फाटलंय, साखर जळून चिकटलीय.

मिरज_वाईंडिंग
म्हणजे 0.36 ओहम, ही स्टेनलेस आहे दादा, चुंबकाचं पण जुळतंय. त्याच व्होल्टेजला निक्रोमच्या दीडपट तापते, टायमर आधीचाच असणार, म्हणून पाऊच जळतात. टेफ्लॉन 260 डिग्रीच्या वर टिकत नाही, ते गेलं की त्या जागची उष्णता निघत नाही आणि पट्टी तिथंच तुटते. बिलावर 80-20 लिहून घ्या, टोकांना तांबं चढवलेली मिळाली तर तीच घ्या, क्लॅम्प गार राहतो. कापड वरचं खालचं दोन्ही बदला आणि टायमर एकदम कमीवरून वर न्या.

सातारा_ईव्ही_पॅक
त्या बॅटरीवाल्या पोराला पण एक सांगा, बाजारात निकेल चढवलेली लोखंडी पट्टी शुद्ध निकेल म्हणून खपवतात. इथं चुंबक उपयोगाचा नाही, शुद्ध निकेल पण चिकटतं. कानशीने चरा पाडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, लोखंड असेल तर सकाळी चऱ्यात गंज दिसतो. तसल्या पट्टीचा पॅक पंपाच्या लोडवर जास्त तापतो, आणि फवारताना तो पाठीवर असतो.