लोकर कुठे मिळेल? शुक्रवारी निघायचंय, लवकर सांगा

शेवंती_फोंडा
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. नवऱ्याची परिषद आहे, मी सोबत जातेय. तो सभागृहात बसणार तेव्हा मी मोकळी. मला लोकर घ्यायची आहे, खरी, मेंढीची. पणजीत काय, म्हापशात काय, जावं तिथे तेच चकचकीत अ‍ॅक्रिलिक. वर दुकानदार म्हणतो, "बाये, गोंयांत लोंकर कोण घालता?" नेटवर शोधलं तर 'पाहायलाच हवीत' छाप याद्या, त्यात निम्मी दुकानं फ्रिजवर लावायची चुंबकं आणि मातीचे कोंबडे विकणारी. मला कार्डिगन विणायचंय, सुया १० नंबरच्या. कुठून घेऊ आणि किती घेऊ, एवढंच सांगा. एका दिवसात उरकायला हवं.

मांडवीकाठ
ताई, कुठे चाललात ते लिहिलंच नाही.

बार्देसकर
लंडनच असणार. अर्धं बार्देस इंग्लंडात स्विंडनला जाऊन बसलंय. भाच्याला विचारून सांगतो, पण तो विणकामातला नाही, वेअरहाऊसला आहे.

उलटसुलट
लंडन नव्हे. मातीचे कोंबडे म्हणजे बार्सेलोसचा कोंबडा, म्हणजे पोर्तुगाल. शेवंतीताई, लिस्बन की पोर्तो?

शेवंती_फोंडा
लिस्बन हो! मला वाटलं कळेल. आता दुकानं सांगा.

पेडण्याचो_बाब
लिस्बनला जाताच आहात तर जन्मनोंदीचं काम करून या. आजोबा-आजी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले असतील तर त्यांची नोंद तिकडे आधी करावी लागते, मग वडिलांची, मग तुमची. इथल्या एजंटांना पैसे देत बसू नका. एक मात्र ध्यानात ठेवा, तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथलं जातं, आपल्याकडे दुहेरी चालत नाही. कागदपत्रांची यादी हवी तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवंती_फोंडा
मला पासपोर्ट नको, लोकर हवी आहे.

उलटसुलट
सांगते. लिस्बनच्या बायशा भागात रुआ दा कॉन्सेसांव नावाची गल्ली आहे. तिथे सुई-दोरा-बटणांची जुनी दुकानं आहेत, त्यांना तिकडे रेत्रोझारिया म्हणतात. लाकडी खण, काउंटरमागे उभी माणसं. आपण हात लावून बघायचं नाही, मागायचं, मग ते काढून दाखवतात. बटणं, लेस, भरतकामाचे धागे तिथे मन भरून घ्या. लोकरही मिळते, पण तुम्ही म्हणता तशी खास लोकर हवी तर रोझा पोमार यांचं दुकान आहे. या बाईंनी पोर्तुगालच्या जुन्या विणकामाचा अभ्यास केलाय आणि तिथल्याच मेंढ्यांच्या लोकरीचे धागे त्या करवून घेतात.
रुआ दा कॉन्सेसांववरून २८ नंबरची ट्राम जाते. पण तिच्यात पाकीटमार आणि पर्यटक खच्चून भरलेले.

सासष्टीकर
बायशाच्या गल्ल्या सरळ का, माहीत आहे? १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात जुनं शहर कोसळलं आणि जळलं. मग तेव्हाच्या मंत्र्याने, पोंबालने, आखून नवं बांधलं आणि एकेका धंद्याला एकेक रस्ता दिला. सोनाराचा, चांदीचा, चांभारांचा. नावं अजून तीच आहेत. आपल्याकडे जुन्या गोव्याहून राजधानी पणजीला हलवायला कितीतरी वर्षं गेली.

मांडवीकाठ
इतिहासाचा धागा वेगळा काढा हो. ताई, १० नंबर म्हणजे १० मिलिमीटर का? तशा जाड सुयांना मोठ्या माणसाच्या कार्डिगनला किलोभर लोकर लागते. बॅगेत मावणार नाही.

उलटसुलट
१० मिलिमीटर कसल्या! आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४. लिस्बनला फक्त मिलिमीटर कळतात. तिथे जाऊन 'टेन' म्हणालात तर केरसुणीच्या दांड्याएवढ्या सुया हातात देतील. शेवंतीताई, अंगाचं माप? पूर्ण बाही? पॅटर्नमध्ये दहा सेंटिमीटरला किती टाके?

शेवंती_फोंडा
लेकीसाठी. पुण्यात शिकते. माप ३६. बाही पूर्ण. टाके बघून सांगते, पॅटर्न आईच्या वहीतला आहे, त्यात टाक्यांचं मोजमाप नसतं.

उलटसुलट
मग सव्वातीनच्या सुईला १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास जाणारा धागा बघा. साधारण पंधराशे मीटर लागेल. म्हणजे चार लड्या, मी असते तर पाच घेतल्या असत्या. लेबलवर रंगाच्या खाली डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा नंबर असतो, तो पाचही लड्यांवर एकच असू दे. नाहीतर डावी बाही एका छटेची, उजवी दुसऱ्या, आणि फोंड्याहून बदलून आणायला जाणार आहात का?

काकी_म्हापसा
मी तिथली लोकर वापरलीय, सुनेने आणली होती. सेरा दा एस्ट्रेलाच्या डोंगरातल्या मेंढीची. टोचते! पुण्यातली मुलगी एकदा घालेल आणि कपाटात टाकेल. सरळ लुधियानाची मऊ लोकर मागवा, घरपोच येते, मशीनला लावता येते. परदेशातून आणली म्हणजे सोनं होत नाही.

उलटसुलट
काकी, ती बोर्दालेरा जातीची. ती टोचणारच. ती बाहेरून घालायच्या जाकिटाला, शालीला. दक्षिणेला आलेन्तेजो भागात मेरिनो मेंढ्या आहेत, त्यांची लोकर बारीक आणि मऊ. दुकानात लडी गळ्याला, कानाखाली लावून बघायची, हाताला कळत नाही. कुठली मेंढी ते न विचारता सगळ्या लोकरीला नावं ठेवू नका.

काकी_म्हापसा
नावं ठेवत नाही, वापरून सांगतेय. आणि धुण्याचं काय? कामवालीने मशीनमध्ये घातली की बाहुलीचं कार्डिगन होतं. माझं झालंय.

उलटसुलट
ते खरं आहे. खऱ्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमदा होतो. लेबलवर 'सुपरवॉश' असेल तर त्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते. नसेल तर गार पाणी, बादलीत बुडवून ठेवायचं, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं. मुलीला हे जमणार असेल तरच साधी घ्या.

बार्देसकर
भाच्याचं उत्तर आलं. म्हणतो स्विंडनमध्ये लोकर मिळते.

फातोर्डा_क्रोशे
कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. तिकडच्या बायका धागा गळ्यातून घेऊन विणतात, नाहीतर छातीवर आकडा असलेली पिन लावतात आणि धागा त्यातून येतो. अंगठ्याने नुसता लोटायचा. उलटे टाके इतके पटापट होतात की सुलट नको वाटतात. मी आमच्या शेजारच्या मावशींकडून शिकले. मनगट दुखायचं थांबलं. ती पिन नक्की घ्या, दोन घ्या, एक माझ्यासाठी.

मांडवीकाठ
हे फक्त पोर्तुगालचं नाही, पेरूमध्येही असंच विणतात.

फातोर्डा_क्रोशे
असतील विणत. पिन आणा.

सासष्टीकर
खरी आवड असेल तर लिस्बनमध्ये काय ठेवलंय? कोविल्यां शहरात जा. तिथे विद्यापीठाचं लोकर-संग्रहालय आहे, १७६४ मध्ये काढलेल्या राजाच्या कापड कारखान्याच्या इमारतीत. रंगाचे दगडी हौद अजून आहेत. तो कारखानाही पोंबालच्याच काळातला. रेल्वेने साडेतीन-चार तास.

शेवंती_फोंडा
जाऊन येऊन आठ तास! मला एकच दिवस मोकळा आहे, दोनदा सांगितलं. तोही रविवार.

उलटसुलट
रविवार?!

मांडवीकाठ
हे आधी सांगायचं ना ताई. बायशातली जुनी दुकानं रविवारी बंद. शनिवारी पण बरीचशी दुपारी एकला कुलूप लावतात. रविवारी गेलात तर बंद दारांचे फोटो काढून याल.

शेवंती_फोंडा
मग काय उपयोग झाला एवढ्या चर्चेचा? शनिवारी दुपारी दोनला उतरतोय. परिषद शनिवारी संध्याकाळी उद्घाटन आणि रविवारी दिवसभर. मंगळवारी पहाटे विमान.

काकी_म्हापसा
म्हणून म्हणते, लुधियाना.

पेडण्याचो_बाब
रविवारी नोंदणी कार्यालयही बंद असतं.

उलटसुलट
थांबा जरा. मंगळवारी पहाटे विमान म्हणजे सोमवार अख्खा हातात आहे. सोमवारी काय आहे?

शेवंती_फोंडा
सोमवारी सिंत्रा. नवऱ्याने राजवाड्याची तिकिटं काढून ठेवलीत, वेळ ठरलेली, सकाळची.

मांडवीकाठ
त्यांना एकट्याला पाठवा. रोस्सियो स्टेशनवरून थेट लोकल आहे, पाऊण तासाची. तुम्ही त्यांना स्टेशनात बसवा आणि तिथूनच चालत लोकरीला जा. पाच-दहा मिनिटांवर बायशा.

फातोर्डा_क्रोशे
नाहीतर रविवारी सिंत्रा, सोमवारी लोकर.

शेवंती_फोंडा
रविवारी त्याची परिषद आहे ना. वाचा की.

उलटसुलट
आजच पोमार यांच्या दुकानाला मेल टाका. सोमवारची वेळ विचारा आणि कुठला धागा, कुठला रंग, किती लड्या ते लिहा. साधं इंग्रजी चालेल. त्यांचं ऑनलाइन दुकान आहे, त्यावर रंग आधी बघून ठेवा, म्हणजे तिथे पोचल्यावर तासभर भिंतीसमोर उभं राहायला नको. थोडी रोकड ठेवा, लहान दुकानांत कधी कधी फक्त तिकडच्या बँकांचंच कार्ड घेतात. पासपोर्टही जवळ ठेवा. तिकडे व्हॅट २३ टक्के आहे. दुकान परदेशी पर्यटकांच्या करपरताव्याच्या योजनेत असेल तर बिल करतानाच फॉर्म मागायचा, विमानतळावर गेल्यावर आठवून उपयोग नाही. पहाटेचं विमान म्हणजे त्या रांगेसाठी वेळ धरा.

काकी_म्हापसा
आणि सुया चेक-इनच्या बॅगेत. केबिनमध्ये कोण काय काढून घेईल सांगता येत नाही.

मांडवीकाठ
आणलीत तर पावसाळ्यात सांभाळणार कशी? गोव्यात जूनपासून कपाटाला बुरशी. डांबर गोळ्या टाका भरपूर.

उलटसुलट
डांबर गोळ्या नकोत, तो वास धुऊनही जात नाही आणि श्वासाला वाईट. कसरीच्या अळ्या लोकर खातात, अ‍ॅक्रिलिकला तोंड लावत नाहीत, म्हणून आजवर तुम्हाला प्रश्न आला नाही. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, पिशवीसकट दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून पूर्ण खोलीच्या तापमानाला आली की उघडायची. आधी उघडलीत तर दव धरतं.

काकी_म्हापसा
आमच्या सासूबाई कडुनिंबाचा पाला ठेवायच्या. कधी कसर लागली नाही.

उलटसुलट
सासूबाईंकडे लोकर होती का, काकी?

काकी_म्हापसा
रेशमी साड्या होत्या. तुला काय कळणार.

बार्देसकर
ताई, तिथून सार्डिनचे डबे आणा. ऑलिव्ह तेलातले. बायशात त्याचीही दुकानं आहेत, डब्यावर साल छापलेलं असतं. आमच्या घरात भांडणं होतात त्यावर.

शेवंती_फोंडा
मेल टाकला. नवऱ्याशीही बोलले. म्हणतो, सिंत्राला एकटा जातो, पण लोकर त्याच्या बॅगेत नाही टाकायची, तिच्यात परिषदेची पुस्तकं आहेत. पिन मिळाली तर दोन आणते. गडद हिरवा घेतेय. मेरिनोच, टोचणारी नाही.

फातोर्डा_क्रोशे
गडद हिरव्यावर रात्री टाके दिसत नाहीत हो. आधी दिव्याचं बघा.