धागा: ती तुम्हाला कशी भेटली, आणि सोलापुरात लोकांसमोर तिला काय म्हणता?

जुळेसोलापूर:
हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचं काही वाचायला गेलं की मुंबई नाहीतर पुणं. तिकडं ग्रुप आहेत, प्राईड निघते, मुंबईत लेबिया ही अशा बायकांची संघटना तर १९९५ पासून काम करतीय. सोलापूरचं कुणी लिहीत नाही, म्हणून मीच सुरुवात करते. नाव, गल्ली, कामाची जागा लिहू नका, आपल्या गावात तिसऱ्या वाक्याला ओळख निघते.

माझं वय ३७. पहिल्यांदा अ‍ॅप टाकलं तेव्हा रेंज पन्नास किलोमीटर ठेवली होती, म्हणजे पार तुळजापूर आलं त्यात, तर प्रोफाईल किती दिसावेत, तीन. दोन नवराबायकोंचे, त्यांना 'तिसरी' पाहिजे होती, आणि एक सरळसरळ पुरुष, बाईचा फोटो लावलेला. मी खूप रडले होते त्या रात्री, खोटं कशाला सांगू. मग रेंज वाढवत वाढवत पुण्यापर्यंत नेली आणि तिथं ही भेटली. अडीच वर्षं हुतात्मा एक्सप्रेसनं येजा केली. सकाळची गाडी, दिवसभर पुण्यात, संध्याकाळची परतीची, घरी सांगायचं ऑफिसचं ट्रेनिंग आहे. आता ती इकडंच आलीय नोकरी बघून. आमच्या गल्लीत ती माझी 'मैत्रीण'. या शब्दानं आम्हाला घर मिळालं, दोघी पोरी आहेत, सज्जन आहेत म्हणून मालकांनी डिपॉझिटसुद्धा कमी घेतलं. पण माझे वडील गेले तेव्हा ती तेराही दिवस आमच्याकडं राबली, आणि जाताना मोठी काकू तिला म्हणाली, "तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, आता तूही आपल्या घरी जा, किती दिवस राहशील." तिचं घर तेच होतं. मी काही बोलले नाही, ते अजून टोचतंय मला. म्हणून विचारलं, तुम्ही काय म्हणता?

शिलाईवाली:
मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला हाय, किनार मारायची असती. घरी तेलुगू बोलतो आम्ही. अम्मा विड्या वळती, तिची आई पण वळायची. मला ती अ‍ॅपवर नाही भेटली, शेजारच्या मशीनवर भेटली. दोरा तुटला की माझ्या आधी तिचा हात यायचा, एवढंच होतं सुरुवातीला. डबा एकत्र, जाताना रिक्षा शेअर, नंतर पगाराच्या दिवशी नवी पेठेत दोघींना एकसारखे ड्रेस. मला लेस्बियन हा शब्दच माहित नव्हता, तेलुगूत पण नाही मराठीत पण नाही, मला वाटायचं हे फक्त मलाच होऊलालंय. मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ बघितला तेव्हा कळालं की याला नाव हाय आणि लई जणी हायत. मग मी तिला तो व्हिडिओ दाखवला, बोलले काहीच नाही. तिनं पूर्ण बघितला, मोबाईल परत दिला आणि म्हणली, "मग? मी तर कधीचीच थांबलीय."
लोकांसमोर ती मला अक्का म्हणती. एक वर्षानं मोठी हाय मी. त्यामुळं कुणी विचारत नाही, दोघी बहिणीसारख्या म्हणतात. पण तिला स्थळं येऊलालेत, आणि अक्कालाच सांगतात सगळे, "तूच समजाव की तिला, तुझं ऐकती." हे लई अवघड जातंय मला. आईवडलांना मी काय समजावू?

पुण्यातली नर्स:
मूळची सोलापूरची, आता पुण्यात नोकरीला. धाग्यावर नवीन मुली असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय, नीट वाचा. दोन वर्षांपूर्वी अ‍ॅपवर एकीशी बोलत होते, सोलापूरचीच म्हणाली, कडक भाकरी, शेंगाचटणी, गड्ड्याची जत्रा, सगळं बरोबर सांगायची त्यामुळे मला शंकाच आली नाही. महिनाभर बोलणं झालं, व्हिडिओ कॉल म्हटलं की नेट नाही, घरात माणसं आहेत. मी विश्वास ठेवून फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी मेसेज, वीस हजार टाक नाहीतर तुझ्या भावाला पाठवतो. पाठवतो! तेव्हा कळलं पुरुष आहे. पाच हजार मी घाबरून टाकलेसुद्धा, आणि लगेच पुढची मागणी आली, म्हणजे पैसे दिले की सुटतो हा गैरसमज आधी काढून टाका. माझ्या रूममेटनं १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावून दिला, सायबर पोर्टलवर तक्रार केली, चॅटचे स्क्रीनशॉट होते ते कामी आले. तक्रार घेणाऱ्या बाईंनी मी कुणाशी बोलत होते आणि का, हे विचारलंही नाही. मी उगीच महिनाभर घाबरत बसले होते.
त्यानंतर माझे नियम: आठवड्याच्या आत व्हिडिओ कॉल, चेहरा दिसेल असा फोटो कुणालाच नाही, पहिली भेट दुपारी आणि गर्दीत, आणि एका तरी माणसाला सांगून जायचं. आत्ताची जी आहे तिनं पहिल्याच दिवशी स्वतःहून कॉल केला होता, केसांना तेल लावलेलं, मागं कुकरच्या शिट्ट्या. मला ते फार आवडलं.
लोकांसमोर आम्ही रूममेट. पुण्यात कोण विचारत नाही. सोलापूरला घरी आणते तेव्हा मात्र ती पाहुणी होते आणि पाहुणीसारखी अवघडून बसते.

हिरवाचुडा:
मी ४४ वर्षांची, लग्न झालंय, दोन मुलं आहेत. लिहू की नको करत दोन दिवस गेले. लग्नाआधी मला माहिती होतं, पण माहिती असून काय करणार होते मी, तेव्हा फोन नव्हता, वेगळं राहायची सोय नव्हती, आणि आमच्यात पोरगी वीसच्या पुढं गेली की घरात कुणाला झोप लागत नाही. नवरा वाईट नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं त्रास होता म्हणून बाई बाईकडं वळली. तसं काही नाही.
ती मला भिशीत भेटली, नऊ वर्षं झाली. तिचा नवरा नाही आता. दर महिन्याला भिशी आणि मधल्या वारी बाजार, एवढीच आमची भेट. दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी अक्षता सोहळ्याला जातो. बाहेरच्यांसाठी सांगते, कुंभाराच्या मुलीला आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, आणि आजही सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात आणि संमती कट्ट्यावर अख्खं सोलापूर त्या लग्नाला अक्षता टाकतं. पहिल्या वर्षी गर्दीत तिनं माझ्या मुठीत अर्ध्या अक्षता दिल्या आणि आम्ही एकदम टाकल्या. आमचं लग्न आम्ही तेच धरतो. मला कुणी वेडी म्हणो.
मी तिला 'अहो ताई' म्हणते लोकांत. एकटीत नावानं.

साक्षीदार:
हिरवाचुडा ताई, कुणी वेडं म्हणणार नाही. वाचून थांबले थोडा वेळ.
आमचं थोडं कागदपत्रांचं सांगते, कारण आम्ही ते अंगावर बेतल्यावर शिकलो. तिला अ‍ॅपेंडिक्सचं दुखणं रात्री उठलं, दवाखान्यात नेलं तर फॉर्मवर 'पेशंटशी नातं'. मी मैत्रीण लिहिलं. सही घरच्यांचीच पाहिजे म्हणाले. तिचा भाऊ बार्शीहून येईपर्यंत मी बाहेर बाकावर. तेव्हा ठरवलं की आता जेवढं कागदावर करता येतं तेवढं करायचं.
२०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ वरचा निकाल आला, आपण गुन्हेगार नाही हे स्पष्ट झालं, त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते, कशाचे ते घरात सांगितलं नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. म्हणजे बायको लिहिता येत नाही. पण २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की आपल्यासारख्या जोडीदारांना जॉईंट खातं काढायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. आम्ही काढलं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "बहिणी का?" ही म्हणाली, "नाही, एकत्र राहतो." त्यानं शिक्का मारला. झालं. मृत्युपत्रंही केली, दोन साक्षीदारांसमोर, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे. नॉमिनी केलं म्हणजे पैसे तिचे झाले असं नसतं, वारस भांडू शकतात, म्हणून मृत्युपत्र वेगळं कराच.
शिलाईवाली, तुमच्यासाठी एक: दोघी सज्ञान असाल तर कुठं आणि कुणासोबत राहायचं हे तुमचं तुम्ही ठरवू शकता. घरच्यांनी पोलिसांत मिसिंगची तक्रार दिली तरी स्वतःच्या मर्जीनं गेले असा जबाब देता येतो. केरळच्या दोन मुलींना घरच्यांनी वेगळं केलं होतं, २०२२ मध्ये तिथल्या हायकोर्टानं त्यांना एकत्र राहू दिलं. सोपं आहे असं मी म्हणत नाही. आधी ओळखीची वकील गाठा, मग पाऊल टाका, आणि आधार, मार्कशीट आपल्याजवळ ठेवा.

शिलाईवाली:
मार्कशीट अम्माच्या पेटीत हाय. काढते.

गोळ्याबंद:
माझं छोटंसं. घरी कळल्यावर मला एका डॉक्टरकडं नेलं, तो म्हणाला सहा महिन्यात नॉर्मल करतो. गोळ्या दिल्या, दिवसभर झोप यायची, नोकरी गेली. नंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी सांगितलं की हा आजारच नाही, आणि असा 'बरं करायचा' इलाज करणं हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी गैरवर्तन धरलं जातं. कुणाला नेत असतील तर हे वाक्य तोंडपाठ ठेवा. जोडीदार नाही अजून. शोधतेय.

अबोली:
मी वीस वर्षांची आहे, कॉलेजला. तुम्ही सगळ्या मोठ्या आहात पण विचारते. एक मुलगी आहे, इन्स्टावर माझी प्रत्येक स्टोरी पहिल्या मिनिटात बघते. रीलवर हार्ट देते. लायब्ररीत समोर बसते. पण हे सगळं मैत्रिणी पण करतात ना?? हाच तर प्रॉब्लेम आहे. मुलगा असता तर एव्हाना सगळ्या वर्गाला कळलं असतं, आमचं दोघींचं आम्हालाच कळत नाहीये. विचारलं आणि ती तशी नसली तर मैत्री पण जाईल, आणि तिनं कुणाला सांगितलं तर घरी कळेल.

जुळेसोलापूर:
अबोली, सरळ विचारू नकोस. आधी दुसऱ्याच कुणाचा विषय काढ, बातमीतल्या दोघींचा काढ, आणि ती काय बोलते ते ऐक. ती तोंड वाकडं करते का, गप्प होते का, का पुढं विचारते, त्यावरून बरंच कळतं. घाई नाहीये कसली.

नंदीध्वज:
उशिरा वाचला धागा. आम्ही दोघी एकोणीस वर्षं एकत्र आहोत. 'मैत्रीण' शब्दावर मी इतरांसारखी रागावत नाही, त्याच शब्दाच्या आडोशानं आम्ही इतकी वर्षं काढली. पण सांगायचं ते वेगळंच. माझी आजी नव्वदीला टेकलेली, माढ्याकडची, शाळा बघितलेली नाही. तिला आम्ही कधीच काही सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत अंगणात बसून मला म्हणाली, "तुझं माणूस आलं न्हाई का गं अजून? भाकरी निवाय लागली." आमच्याकडं नवऱ्याला 'माणूस' म्हणतात. मी नुसतं म्हटलं, येतंय आज्जी. तेवढ्यात ही आली, आजीनं तिला आधी वाढलं.

शिलाईवाली:
हे वाचून मी मशीन बंद करून बसले.

अबोली:
जुळेसोलापूर ताई, केलं तुम्ही सांगितलं तसं. बातमीचा विषय काढला. ती खूप वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तू हे मलाच का सांगायलीस?" मी म्हटलं, तूच का नाही. शनिवारी कंबर तलावावर भेटतोय. पाच वाजता. काय घालू?

जुळेसोलापूर:
रोज घालतेस तेच घाल. पाण्याची बाटली घे, पाचला ऊन असतं अजून. आणि नर्सबाईंचं ऐक, कुणाला तरी सांगून जा. कुणी नसलं तर इथं लिहून जा, मी जागी आहे.