ग्रिफिनला आत्ताच वर आणायचं की थांबायचं? (२०२६ च्या बेसबॉल मोसमाआधीची चर्चा)

अलेगेनीकर: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की कॉनर ग्रिफिन तयार आहे, पायरेट्सनी (पिट्सबर्गचा मेजर लीग संघ) त्याला ओपनिंग डेलाच, म्हणजे मोसमाच्या पहिल्याच दिवशी, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) उभा करावा, थांबवला तर ती मालकाची कंजूषी. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. २०२५ मध्ये खालच्या लीगमध्ये पोराने .३३३ ची सरासरी (दर तीन ॲट-बॅटला, म्हणजे बॅटिंगच्या संधींना, एक हिट), २१ होमरन, ६५ चोरलेले बेस. सगळं मान्य. पण त्यात डबल-एचे सामने फक्त २१, मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-एचा एकही नाही. एकोणीस वर्षांचा आहे तो! बाल्टिमोरच्या ओरिओल्सनी जॅक्सन हॉलिडे या तरुण खेळाडूला १० एप्रिल २०२४ ला वर आणला. ३४ ॲट-बॅट, २ हिट, १८ स्ट्राइकआउट, आणि दहा सामन्यांत नॉरफोकला, त्यांच्या ट्रिपल-ए संघात, परत. त्याने तर ट्रिपल-ए पाहिलं होतं.

बंड्या बाल्टिमोर: अर्धीच गोष्ट सांगताय. ३१ जुलैला परत आला तो ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारूनच. मी कॅम्डेन यार्ड्सला, ओरिओल्सच्या मैदानात, होतो. चेंडू पार मागच्या युटॉ स्ट्रीटवर गेला, शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठीच मारली. ते दहा सामने फुकट नाही गेले.

अलेगेनीकर: आणि मधले तीन महिने कुठे होता? नॉरफोकलाच ना! तिथेच सुधारला. माझाच मुद्दा झाला.

दिवस मोजणारा: दोघंही पैशाचं बोलत नाही. मेजर लीग संघात १७२ दिवस भरले की सर्व्हिस टाइमचं (सेवेचं) एक वर्ष, अशी सहा वर्षं झाली की फ्री एजन्सी, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायची मोकळीक. शिकागोच्या कब्सनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला आणलं, वर्षअखेर भरले १७१ दिवस. एक दिवस कमी! त्याने तक्रार केली, २०२० मध्ये हरला. याला ‘पोराची तयारी’ म्हणतात? आता तर नियमही बदललाय. पॉल स्कीन्सला पायरेट्सनी ११ मे २०२४ ला आणलं, तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, म्हणून दिवस कमी असूनही त्याला सर्व्हिस टाइमचं वर्ष पूर्ण मिळालंच. वर उशिरा आणल्यामुळे संघाची ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्या) बक्षिसाची जादा निवड हुकली. थांबून काय कमावलं?

धावचीत: सचिन १६ व्या वर्षी कराचीत उभा राहिला. विषय संपला.

माई पिट्सबर्ग: नाही संपत. दर वेळी सचिनला मध्ये आणून पोरांच्या डोक्यावर ओझं ठेवायचं थांबवा. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना त्याला चौदाच्या संघात शॉर्टस्टॉपला घातलं. मीच हौसेने हो म्हटलं. तिथे बेस लांब, धावणारे वेगवान. पहिल्या शनिवारी तीन एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका. चौथा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) आला तेव्हा तो ग्लोव्ह खाली न्यायच्या आधीच फर्स्ट बेसकडे बघत होता. चेंडू पायांमधून गेला. गाडीत एक शब्द बोलला नाही. पुढच्या मोसमात म्हणाला, मला आउटफिल्डला ठेवा. आज सतरा वर्षांचा आहे, खेळतच नाही.

धावचीत: माई, वाईट वाटलं. पण बारा वर्षांचं मूल आणि पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू यांची तुलना कशी करता? घरचं दुःख इथे पुरावा म्हणून का मांडताय?

माई पिट्सबर्ग: आणि तुमचा सचिन कोणता पुरावा? एका सचिनमागे किती पोरं मैदान सोडून गेली, ते कुणी मोजलं का?

बंड्या बाल्टिमोर: जरा दमानं घ्या. ए-रॉडचं, म्हणजे ॲलेक्स रॉड्रिगेझचं बघा, तोही शॉर्टस्टॉपच. १९९४ ला १८ व्या वर्षी आला, १७ सामन्यांत .२०४. खचला का? १९९६ ला .३५८ मारून बॅटिंगचा किताब नेला.

अलेगेनीकर: न्यूयॉर्क यांकीजचा नावाजलेला शॉर्टस्टॉप डेरेक जीटर, त्याने १९९३ मध्ये खालच्या लीगमध्ये ग्रीन्सबरोला ५६ एरर केले. छप्पन्न! तेच न्यूयॉर्कमध्ये झाले असते तर? तिथे खाली कुणी रोज पहिल्या पानावर छापत नव्हतं. शॉर्टस्टॉपच्या चुका लपत नाहीत. त्या करायला जागा हवी. मी अल्टूनाला, पायरेट्सच्या डबल-ए संघाकडे, ग्रिफिनचा सराव पाहिलाय, राइट फील्डमागे रोलर कोस्टर दिसतो ते मैदान. हात सुंदर आहेत, घाई नाही. म्हणूनच म्हणतो, दोन महिने इंडियानापोलिसला ट्रिपल-ए खेळू द्या.

दिवस मोजणारा: दोन महिने, आणि ते स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) ओळखण्यासाठी असतील तर ठीक. कॅलेंडरसाठी असतील तर मी सोडणार नाही.

अलेगेनीकर: एवढं मान्य. मालकाच्या हिशेबाची बाजू मला घ्यायचीच नाही.

माई पिट्सबर्ग: इंडियानापोलिसचा संघ कोलंबसला खेळायला आला की मी जाणार आहे, तीन तासच लागतात. मुलाला विचारलं. म्हणाला, बघू.