मदत हवी आहे: विंडमिल पामची मधली सुरळी उपटून हातात आली. झाड गेलं का?

काळीमाती | 11 फेब्रुवारी

मंडळी, नमस्कार. टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहते. बागकामात मुरलेली वगैरे नाही, कढीपत्ता कुंडीत जगवते एवढंच.

2021 च्या फेब्रुवारीत इथे विमानतळावर वजा 19 सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरचे उंच वॉशिंग्टोनिया पाम एकजात गेले. नंतर महिनाभर करवतींचा आवाज. त्याच मे महिन्यात मी हौसेने विंडमिल पाम, म्हणजे पंख्यासारख्या पानांचा, थंडी सोसणारा ताडाचा भाऊबंद, आणून लावला. नर्सरीत म्हणाले, हा वजा 15 लाही दाद देत नाही. डिसेंबर 2022 च्या थंडीत पानं करपली, पण झाड तगलं. आता खोड माझ्या कमरेएवढं उंच आहे.

या जानेवारीत मात्र घोटाळा झाला. आधी रात्रभर भुरभुर पाऊस, पहाटे वारा फिरला आणि दुसऱ्या दिवशी अंगणातल्या थर्मामीटरवर वजा 11. मी जुनी चादर गुंडाळली होती. ती वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या कुंपणावर. दोन रात्री झाड उघडं राहिलं.

काल सहज मधलं न उलगडलेलं पान, ती सुरळी, चिमटीत धरून ओढली तर लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास बुरशी लागलेल्या ताकासारखा. बाजूची पानं मात्र अर्धी हिरवी आहेत. सासरे सध्या इथे आलेत. त्यांचं म्हणणं, "नारळ धरत नाही ते झाड ठेवायचंच कशाला?" त्यामुळे मला आता हे झाड वाचवायचंच आहे.

उपटून टाकू की थांबू? आणि थांबायचं तर तोवर करायचं काय?

•

शिंदीवाला | 11 फेब्रुवारी

थांबा! कुदळ खाली ठेवा.

मी सॅन अँटोनियोत. सुरळी निघून येणं वाईट आहे, पण तो मृत्यूचा दाखला नव्हे. पानाचं बूड कुजलंय, त्याच्या खाली वीतभर आत जो वाढीचा गाभा असतो तो जिवंत असू शकतो. विंडमिल यातून बऱ्याचदा उठतो.

आज काय करायचं: औषधाच्या दुकानातलं साधं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा कप त्या भोकात ओता. फसफसेल. फेस बसला की उन्हात कोरडं होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तांब्याचं बुरशीनाशक, बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात. जास्त घातलं म्हणजे जास्त गुण, असं नसतं. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. आणि मुख्य म्हणजे पुढच्या पावसात त्या भोकात पाणी साचू देऊ नका. मी एका झाडावर बादली उलटी घालून वर वीट ठेवली होती, बायको म्हणाली झाडाला हेल्मेट घातलंस का.

हिरवी पानं कापू नका. अर्धी करपलेलीसुद्धा नकोत, झाड आत्ता त्यांच्यावरच जगतंय.

माझ्या नावाची गोष्ट सांगतो. इथे मॉलबाहेर 'सिल्व्हेस्टर पाम' म्हणून हजारो डॉलरला जो विकतात, तो आपला शिंदीचा माड. लहानपणी पहाटे ज्याची नीरा प्यायलो तोच. 2021 नंतर त्यांच्या रांगाच्या रांगा खांबासारख्या उभ्या होत्या. दौंडच्या माळावर कुणी ढुंकून न बघितलेलं झाड इथे क्रेनने लावतात आणि क्रेनने काढतात.

•

आगर_गुहागर | 12 फेब्रुवारी

ताई, आमच्याकडे बर्फ नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंत ते वाचून हसू आलं, कारण पावसाळ्यात आगरात हेच असतं. याला आम्ही कोंब कुज म्हणतो. सुरळी पिवळी पडते, ओढली की हातात येते, आणि वास तर तुम्ही सांगितलातच.

आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. माडाला एकच जीव, तो शेंड्यात. म्हणून आमच्याकडे वाट बघत नाहीत. कुजलेला भाग कोयत्याने पांढरं कडक लागेपर्यंत खरवडून काढतात आणि वर बोर्डो पेस्ट भरतात: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. फवारणीला तेच शंभर लिटर पाण्यात, म्हणजे एक टक्का. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यात विरघळवून मग एकत्र करायचं, आणि भांडं लोखंडी नको. तुम्हाला तिकडे तांब्याचं तयार औषध बाटलीत मिळतं म्हणता, मग हा खटाटोप नको. पण खरवडणं मी करेन.

•

शिंदीवाला | 12 फेब्रुवारी

आगरवाले, मान्य, पण एक फरक आहे. तुमच्याकडे रोग वरून खाली सरकतो, म्हणून कापून पुढे जायचं. इथे थंडीने पेशी फुटल्यात आणि बुरशी नंतर आलीय. कुठवर मेलंय ते आत्ता फेब्रुवारीत दिसत नाही. नवख्या हाताने खरवडताना जिवंत गाभ्यालाच सुरी लागली तर? मऊ असेल ते चमच्याने काढा, कडक लागलं की थांबा.

•

आगर_गुहागर | 12 फेब्रुवारी

चमचा चालेल. कोयता मीही तुमच्या हातात दिला नसता :)

•

निवृत्त_फौजी | 13 फेब्रुवारी

थोडं विषयांतर. नोकरीत असताना पिथौरागडला होतो. तिथे थलकेदारच्या डोंगरावर, बांज ओकच्या जंगलात, याच विंडमिलचा भाऊबंद उगवतो, ट्रॅकिकार्पस ताकिल. दोन हजार मीटरच्या वर. झावळ्यांवर बर्फ धरलेलं ताडासारखं झाड पाहिलं तेव्हा बरोबरच्या जवानाला विचारलं, हे कुणी लावलं? तो म्हणाला, साहेब, हे इथलंच. सांगायचा मुद्दा, ही जात थंडीला नवीन नाही. धीर धरा.

•

मेस्किटची_सावली | 14 फेब्रुवारी

काळीमाती, मी तुमच्यापासून अर्ध्या तासावर, फोर्ट वर्थच्या बाजूला. झाडावर उपाय वर आलेत, मी पुढच्या हिवाळ्याचं बोलते.

पहिली गोष्ट, तो झोनचा नकाशा, म्हणजे कुठे किती थंडी पडते आणि काय तगेल ते सांगणारा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा. 2023 मध्ये नवा आला आणि आमच्या भागात लोक खूश झाले, '8ब' म्हणजे वजा 9.4 ते वजा 6.7, आता काहीही लावा. पण तो आकडा म्हणजे 1991 ते 2020 या तीस वर्षांतल्या प्रत्येक वर्षाच्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी आहे. झाड सरासरीत जगत नाही. 2021 च्या एका रात्रीने मारलं ते मारलं. शिवाय नर्सरीवाले सांगतात तो वजा 15 चा आकडा मोठ्या, मुरलेल्या, कोरड्या झाडाचा. त्याच तापमानात शेंड्यात पाणी असेल तर गणित बदलतं. तुमचा पाम वजा 11 ने नाही गेला, आधीच्या भुरभुरीने गेला, असं माझं मत.

म्हणून चादर नको. ती भिजते, गोठते, उडते. बागेचं दंव-कापड घ्या, आत जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बची ख्रिसमसची माळ गुंडाळा, बाहेर वापरायची असेल तीच. एलईडी नको, ती गरम होत नाही. पानं सुतळीने वर बांधून मग गुंडाळायचं, टोक पावसाच्या आधी झाकायचं, आणि पारा शून्याच्या वर आला की सोडायचं, नाहीतर आत कुजतं. 2021 ला माझीही माळ लावलेली होती, पण वीज गेली. तेव्हा बुंध्याशी वाळलेल्या पानांचा गुडघाभर ढीग होता, त्यानेच काय ते केलं.

दुसरं म्हणजे, अजून काही लावायचं असेल तर सबाल मायनर हा बुटका पाम लावा. तो टेक्सासचाच, ओढ्याकाठी आपोआप येतो. वजा 19 च्या त्या आठवड्यानंतर माझ्याकडच्या दोन झाडांची टोकंसुद्धा नीट करपली नाहीत. तोटा एकच, खोड धरत नाही, नुसतं झुडूप राहतं आणि दर वर्षी दोन-तीन पानं काढतं. सासऱ्यांना दाखवू नका. नीडल पाम त्याहूनही काटक आहे, पण काटे विणकामाच्या सुयांएवढे, लहान मुलं असतील तर विचार करा. दुकानात 'सागो पाम' म्हणतात तो पाम नाही, सायकस नावाची वेगळीच वनस्पती आहे, आणि कुत्र्यांना विषारी आहे.

आणि तुमच्या नावावरून विचारते, तुमची काळी चिकण मातीच ना? पाम खड्ड्यात लावलाय की उंचवट्यावर?

•

काळीमाती | 14 फेब्रुवारी

खड्ड्यात :( हो, तीच माती. मी यवतमाळची. इथे घर घेतलं तेव्हा उन्हाळ्यात अंगणाला पडलेल्या भेगा बघून बाबा म्हणाले, अगं, ही तर आपल्या शेताची माती. पावसात पाणी तसंच साचतं.

चमच्याने साफ केलं. साधारण चार बोटं खोल गेल्यावर कडक आणि पांढरं लागलं. खरवडताना खोडाभोवतीचा तो तपकिरी काथ्या बाजूला करावा लागला. सासरे तेव्हा खुर्ची टाकून बसले होते. मी सांगितलं की चीनमध्ये या काथ्याचे दोर करायचे, पावसाची इरलीसुद्धा. तर ते उठून काथ्या ओढून बघायला आले. पेरॉक्साइड ओतलं तेव्हा टॉर्च त्यांनीच धरला.

•

मेस्किटची_सावली | 14 फेब्रुवारी

मग आता हलवू नका, पण पुढच्या वर्षी भोवती चर काढून पाण्याला वाट द्या.

आणि एक सोपी युक्ती: शेंड्यातल्या सगळ्या देठांवरून आणि मधल्या सुरळीच्या उरलेल्या बुडावरून पक्क्या मार्करने एक आडवी रेघ मारा. वाढ फक्त मधूनच होते. रेघ मोडली, मधला तुकडा वर सरकला, की झाड जिवंत. जुलैपर्यंत रेघ सरळच राहिली तर मग कुदळ.

•

काळीमाती | 30 मार्च

रेघ सरळ आहे. पेरॉक्साइड आणि तांबं दोनदा झालं. वास गेला.

•

आगर_गुहागर | 31 मार्च

वास गेला हे चांगलं. कूज चालू असेल तर वास जात नाही.

•

काळीमाती | 2 मे

मंडळी, रेघ मोडली!! पट्टी लावून मोजलं, मधला तुकडा 4 मिलिमीटर वर. सासरे गेल्या आठवड्यात परत गेले. काल फोनवर तब्येत, पाऊस, काही नाही, पहिलं वाक्य: "रेघ?"

•

काळीमाती | 9 जून

नवीन पान उलगडलं. पण विचित्र आहे. उंची निम्मी, आणि टोकं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. ही पुन्हा कूज आहे का? बूड ओढून पाहिलं, घट्ट आहे.

•

आगर_गुहागर | 9 जून

आमच्याकडे असं कापलेलं पान दिसलं की गेंड्या भुंग्याला शिव्या घालतात. तो कोंबात शिरून घडी पडलेलं पान कुरतडतो, आणि उलगडलं की असे त्रिकोण दिसतात. तुमच्याकडे तो भुंगा नाही, पण प्रकार तोच. पान आत घडीत असताना जेवढं कुजलं तेवढी कात्री लागली. हे पान कापू नका, पुढचं दोन-तीन त्रिकोण कमी घेऊन येईल.

•

शिंदीवाला | 10 जून

फोटो टाका. बादली ठेवून द्या, नोव्हेंबरात लागेल.