नायट्रेट ५०, फॉस्फेट ०.४ : घाईने शून्यावर नेऊ नका

दादा, तुम्ही लिहिलंय की तुमच्या समुद्री प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट ५०, फॉस्फेट ०.४, दगडांवर हिरवं शेवाळ, आणि वर उत्तरांत दोघातिघांनी सांगितलं की जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) दुप्पट टाका. कृपा करून तसं करू नका. मी इंदूरला घरी तेच केलं होतं, आठवड्यात फॉस्फेट जवळजवळ शून्य झालं आणि अॅक्रोपोरा (फांद्यांचं नाजूक प्रवाळ) बुडापासून पांढरा पडत गेला, मागोमाग वाळूवर तपकिरी चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म जीवांचा थर) आले, ते शेवाळापेक्षा कितीतरी वाईट, काढता काढता जीव मेटाकुटीला आला. प्रवाळाला थोडं खाणं लागतंच हो, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असलं की पुरे.

आणि हे पण बघा, २० टक्के पाणी बदललं की नायट्रेट ५० चं ४० होतं, हिशोब सरळ आहे, पण फॉस्फेट दोन दिवसांत परत वर येतं कारण ते दगडात आणि वाळूत मुरलेलं असतं, हळूहळू सुटत राहतं. म्हणून जीएफओ घ्या पण नेहमीच्या निम्मं, आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करा. फ्रोजन खाणं गाळणीत धुऊन घाला. सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर किटो (गुंतवळीसारखं हिरवं समुद्री शेवाळ) लावा, रात्री लाइट द्या, वाढलं की उपटून फेका, त्याच्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही बाहेर जातात.

पाणी कुठलं वापरता ते लिहिलं नाही तुम्ही? त्यातूनही हे दोन्ही येऊ शकतात. आमच्याकडे नर्मदेचं येतं, नुसत्या आरओने भागत नाही, पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा रेझिनचा फिल्टर) लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ० आला तरच मी टाकीचं समुद्री मीठ घालतो.