मदत हवी आहे : वडिलांच्या कपाटातील जुनी काडतुसे

नमस्कार. वडिलांच्या निधनानंतर गिरगावातील घरी कपाट आवरताना १२ बोअरच्या बंदुकीची १४ सुटी काडतुसे सापडली. परवान्याची बंदूक त्यांनी हयातीतच जमा केली होती. मुंबईच्या दमट हवेने काहींच्या पितळी बुडावर हिरवट थर चढला आहे आणि कागदी नळ्या फुगल्या आहेत. घरात लहान मुले असल्यामुळे, ती न पुसता व न उघडता, स्वयंपाकघरापासून दूर कोरड्या पेटीत कुलूपबंद ठेवली आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे बाळगता येत नाहीत, म्हणून ती विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करायची आहेत. परंतु अशी खराब झालेली काडतुसे स्वतः नेणे सुरक्षित आहे, की पोलिसांनाच घरी बोलवावे? वडिलांचा जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला यांखेरीज कोणती कागदपत्रे लागतील? अनुभवी व्यक्तींनी कृपया सांगावे.