जप होतो, पण देव जवळ आलाय असं वाटत नाही. तुम्ही काय करता?

कांजूरकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगते की घरात अडचण काही नाहीये, आजारपण नाही, कर्ज नाही, देवाकडे मागायचं असंही सध्या काही नाही. संकट आलं की देव आठवतो म्हणतात तसं माझं नाहीये. उलट आता सगळं बऱ्यापैकी मार्गी लागलंय, मुलगी कॉलेजात गेली, तर आता तरी त्याच्या जरा जवळ जावं असं मनापासून वाटतंय. लहानपणापासून दिवेलागणीला शुभंकरोती, रामरक्षा, गणपतीत आरत्या हे सगळं आहेच, पण ते इतकं पाठ आहे की तोंड आपोआप चालत राहतं आणि मन उद्याच्या डब्याला काय करायचं तिकडे.

गेल्या वर्षीपासून सकाळी जप सुरू केलाय, श्रीराम जय राम जय जय राम. माळ घेऊन बसते, डोळे मिटते आणि थोडे मणी सरकले की डोक्यात ऑफिस सुरू. बीकेसीला जाते, कुर्ल्याला उतरून पुढे बस, तो सगळा प्रवास बसल्या जागी होऊन जातो आणि माळ संपली की कळतं संपली. मधे मेडिटेशनचं एक ॲप पण लावलं होतं, त्याने डोकं शांत होतं, झोप बरी लागते, खोटं कशाला बोलू. पण त्यात देव कुठे आहे? मला नुसती शांती नकोय, मला तो हवाय. आणि हे घरात बोलले तर सगळे विचारतात तुला काही टेन्शन आहे का 😔

प्रार्थना आणि ध्यान यात आधी काय, की दोन्ही एकच? आणि आपण जवळ जातोय हे कळतं कशावरून? वन बीएचके आहे, चार माणसं, सकाळी साडेपाचपासून कुकर, त्यामुळे "एकांतात बसा" असं नुसतं सांगू नका प्लीज. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी लिहा.

गिरगाव_नामधारक

ताई, आधी एक सांगतो, काही मागायचं नसताना त्याच्याकडे जावंसं वाटतं हीच मोठी गोष्ट आहे, ते हलक्यात घेऊ नका.

तुम्ही घेतलेला मंत्र म्हणजे गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) घराघरात पोचवलेला तेरा अक्षरी राममंत्र. त्यांच्याकडे येणारी माणसं बहुतेक तुमच्याआमच्यासारखी प्रपंचातली आणि त्यांनी कोणाला घर सोडायला सांगितलं नाही, प्रपंच करा पण नाम सोडू नका हेच सांगत राहिले. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना जप करणारे लोक डोळ्यांसमोर ठेवूनच हे साधन दिलंय असं समजा.

आता मन पळतं त्याबद्दल. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची हीच तक्रार आहे, मन आवरणं म्हणजे वारा धरण्याइतकं अवघड आहे म्हणतो. आणि कृष्ण त्याला खोडून काढत नाही हं, हो, कठीणच आहे म्हणतो, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते ताब्यात येतं (६.३५). त्याच्या आधी २६व्या श्लोकात तर साधी कृती दिली आहे, मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणायचं. मला हे समजायला वेळ लागला पण एकदा समजल्यावर फार मोकळं वाटलं, की परत आणणं हाच अभ्यास आहे. तुमचं मन एका माळेत वीस वेळा बीकेसीला गेलं आणि तुम्ही वीस वेळा रामाकडे आणलंत तर ती माळ फुकट नाही गेली, वीस वेळा तुम्ही त्याची निवड केलीत.

करण्यासारखं सांगतो. जपाचे तीन प्रकार मानतात, वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि मानस. आपण सगळे थेट मानसावर उडी मारतो कारण तो श्रेष्ठ म्हणून ऐकलेलं असतं, पण मनातल्या मनात जप करताना मन दुसरीकडे सटकणं सगळ्यात सोपं. काही महिने वाचिक करा, हळू आवाजात, आणि आपलं नाम आपल्याच कानाने ऐका, लक्ष उच्चारात नाही तर ऐकण्यात ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, मोजायला पण नको. वेळ आणि बसायची जागा रोज तीच, भले मग ती ओट्याखालची दोन फूट का असेना. आणि मानस जपाला तुमची लोकल आहे की! कांजूर ते कुर्ला मधे विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, गर्दीत हात हलवायला जागा नसते पण मानस जपाला हात लागतच नाहीत.

वसईची_लेक

ताई मी ख्रिस्ती आहे, माहेर वसईचं, आता मालाडला असते. विषय बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय, चालेल ना?

आमच्याकडे पण माळ आहे, रोझरी. पाच दशकं असतात आणि प्रत्येक दशकात दहा वेळा नमो मरिया म्हणतात, म्हणजे तीच ती प्रार्थना पन्नास वेळा, तर मन भरकटणं हा प्रश्न आमचाही आहेच. पण त्यात एक सोय आहे. प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियामातेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांसमोर धरायचा असतो, गोठ्यातला जन्म, गेथशेमनी बागेतली प्रार्थना, खांद्यावर क्रूस, पुनरुत्थान. तोंड प्रार्थना म्हणतंय आणि मन त्या प्रसंगात उभं आहे, म्हणजे मनालाही काम दिलंय, नुसतं गप्प बस म्हटलेलं नाही. त्यामुळे प्रार्थना आणि ध्यान वेगळं काढता येत नाही त्यात. तुमच्या रामाच्या किती गोष्टी आहेत, एका माळेला एकच प्रसंग घ्या, शबरीच्या दारात आलेला राम, किंवा भरत भेटायला आला तो राम, आणि तुम्ही तिथेच बाजूला उभ्या आहात असं समजा. तुमच्या परंपरेत हे चालतं का ते काका सांगतील, मला माहीत आहे तेवढं सांगितलं.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. संत इग्नेशियस (१४९१–१५५६), जेझुइट संघ स्थापन करणारे, धोबीतलावचं झेवियर्स कॉलेज त्याच संघाचं, त्यांनी दिवसाकडे मागे वळून बघायची एक प्रार्थना शिकवली. दहा पंधरा मिनिटं पुरतात. आधी आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा आणि सकाळपासूनचा दिवस त्याच्यासोबत परत बघायचा, कुठे तो जवळ होता, कुठे मी पाठ फिरवली, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत. मी हे रात्री सगळे झोपल्यावर गॅलरीत उभी राहून करते. तुमचं ऑफिस, डबा, बस सगळं जे सकाळच्या जपात घुसतं ना, त्याला रात्री रीतसर जागा मिळते, आणि देवाला त्यातच शोधायचं असतं.

आणि जवळ गेल्याचं कळतं कशावरून म्हणालात, त्यावर अविलाच्या संत तेरेसाचं (१५१५–१५८२) म्हणणं मला फार धीर देतं. तिला स्वतःला वर्षानुवर्षं प्रार्थना कोरडी जायची. तिचं म्हणणं असं की देवावर आपलं प्रेम आहे की नाही हे ओळखणं अवघड, पण शेजाऱ्यावर आहे की नाही ते दिसतं, आणि त्यातच वाढ होत असेल तर पहिलं पण वाढतंय समजा. म्हणजे डोळे मिटल्यावर काय वाटलं यापेक्षा डोळे उघडल्यावर सासूबाईंशी कशी बोलले तिथे बघावं.

निवांत_अंधेरी

गिरगावकाका, तुमचं बरंचसं पटलं पण वन बीएचकेमध्ये पहाटे वाचिक जप म्हणजे मुलीची झोपमोड, त्यामुळे उपांशुच बरा, ओठ हलले तरी पुष्कळ झालं.

ताई, ॲपबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला बरोबर वाटतं आणि त्यावर जरा लिहितो कारण मी विपश्यना केली आहे, इगतपुरीला. सत्यनारायण गोएंकांनी १९६९ मध्ये भारतातलं पहिलं शिबिर घेतलं ते आपल्या मुंबईतच. दहा दिवस फोन नाही, बोलणं नाही, वाचायला लिहायला काही नाही, पहाटे चारला घंटा, फी घेत नाहीत, शेवटी इच्छा असेल तर दान. आधी आनापान म्हणजे आत येणाऱ्या बाहेर जाणाऱ्या श्वासावर लक्ष, मग अंगावरच्या संवेदना समभावाने बघायच्या. पण तिथे आधीच स्पष्ट सांगतात की शिबिरापुरतं जप, माळ, पूजा, प्रार्थना सगळं बाजूला ठेवा, मिसळू नका. ती साधना देवाकडे जाण्यासाठी सांगितलेलीच नाही, तिचा उद्देश वेगळा आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगतात याचा मला आदर आहे.

तर सगळं ध्यान एकाच ठिकाणी जातं असं कोणी म्हणालं तर मी मानत नाही. तुम्हाला "तो" हवा असेल तर ध्यानात "तो" असायला हवा, नाम असेल, रूप असेल, नाहीतर नुसतं त्याच्यासमोर बसणं असेल. मला तिथून मिळालं ते एवढंच की पाय दुखला, कंटाळा आला, खाज आली तरी उठायचं नाही, आणि ते मला आज संध्येला बसताना फार उपयोगी पडतं. मन शांत करून प्रार्थनेला सुरुवात करायला पाच मिनिटं श्वासावर जरूर राहा, पण तिथेच थांबू नका.

एकांताचं म्हणाल तर रोज मिळणार नाही हे मान्य. पण महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी बोरिवलीला नॅशनल पार्कातून वर कान्हेरीला जाऊन बघा. शंभरावर लेणी आहेत, मुख्य चैत्याकडे गर्दी असते पण वरच्या बाजूला भिक्षूंच्या लहान खोल्या आहेत, झोपायला दगडी ओटा, बाहेर पावसाच्या पाण्याचं टाकं, आणि शतकानुशतकं तिथे माणसं हेच करत बसली होती. किंवा खारच्या रामकृष्ण मठात संध्याकाळच्या आरतीनंतर बसा, तुम्हाला टेन्शन आहे का असं तिथे कोणी विचारणार नाही.

वडाळा_भजनी_मंडळ

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण सगळे शांत बसण्यावरच का बोलताय? कांजूरताई, तुम्ही त्याच्याशी बोलता का हो? जप झाला, स्तोत्र झालं, पण तुमचं स्वतःचं, तुमच्या शब्दातलं?

आमच्या संतांनी काय शांत बसून देव मिळवला का. तुकोबा विठ्ठलाशी भांडलेत, रडलेत, तू आहेस तरी का असं विचारलंय. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी बाई, जात्यावर बसून दळिता कांडिता तुज गाईन अनंता म्हणते, आणि तिच्या अभंगात विठोबा तिला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. तिला कुठला आला एकांत आणि कुठलं आसन. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नऊ भक्ती सांगितल्यात, श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. ताई, जप म्हणजे त्यातली तिसरी. तुम्ही तिसरीवरच अडून बसलात आणि तुमचा स्वभाव आठवीचा असेल तर? सख्य म्हणजे जिवलगाशी असतं तसं सगळं त्याला सांगणं. आईला रोज फोन करतो तेव्हा आपण काही ठरवून बोलत नाही, भाजी काय केली, पाय दुखतोय, हिने असं म्हटलं, तसं बोला त्याच्याशी. भांडी घासताना बोला. राग आला तर रागाने बोला. मी अशीच बोलते, आणि माझं तरी नातं त्यानेच झालंय, माळेने नाही (ज्यांचं माळेने होतं त्यांना माझा नमस्कारच आहे).

आणि एकटीने नाही जमत तर चारचौघीत या. आमचं महिला भजनी मंडळ आहे तसं तुमच्याकडेही असणार, कांजूर भांडुपला चौकशी करा. टाळ हातात घेतला की बीकेसी डोक्यात यायला जागाच राहत नाही, हात, तोंड, कान तिन्ही गुंतलेले. लोकलच्या डब्यात भजनं म्हणत जाणारे ग्रुप आहेत ना, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची दिवसातली खरी पूजा तीच असते. वडाळ्याला आमच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला पंढरपूरला जाऊ न शकलेली माणसं भर पावसात तासन्‌तास रांगेत उभी असतात, त्या रांगेत नुसतं उभं राहून बघा एकदा.

कांजूरकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, डोळ्यांत पाणी आलं खरंच. वसईताई, चालेल काय विचारता, तुमचं रात्रीचं दिवस बघायचं मी कालच केलं. दुपारी ऑफिसातल्या पँट्रीत एक मावशी माझ्याशी काहीतरी बोलत होत्या आणि मी फोन बघत हो हो करत होते, ते एवढं स्पष्ट समोर आलं की आज जाऊन आधी त्यांच्याशीच बोलले, त्यांच्या नातवाचं ॲडमिशन अडलंय. हे प्रार्थनेत मोडतं की नाही मला माहीत नाही पण तेव्हा तो जवळ आहे असं वाटलं.

वडाळाताई, बोलून बघितलं, फार अवघड गेलं. दोन वाक्यं झाली आणि शब्दच सुचेनात, स्तोत्र म्हणणं त्या मानाने किती सोपं! पण सोडणार नाही.

काका, दोन शंका. वसईताई म्हणतात तसा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून जप चालतो का? आणि माळेचा तो मोठा मणी ओलांडायचा नाही म्हणतात, माझ्याकडून लक्ष नसताना ओलांडला जातो, त्याने काही होतं का?

गिरगाव_नामधारक

प्रसंग डोळ्यांसमोर ठेवायला काही हरकत नाही, रूपाचं ध्यान आपल्याकडेही आहेच. फक्त एका बैठकीत एकच घ्या, शबरीवरून भरतावर आणि तिथून लंकेत असं सुरू झालं तर ती पुन्हा मनाची भटकंतीच. आणि चित्र पुसट झालं तर त्याच्या मागे लागू नका, नाम चालू ठेवा.

मेरुमणी ओलांडायचा नाही ही रीत आहे, १०८ झाले की माळ फिरवून उलट दिशेने यायचं. चुकून ओलांडला तर पाप वगैरे काही मनात आणू नका, मी तर म्हणेन त्याचा उपयोग करा. बोटाला तो मणी लागला की थांबायचं, मन कुठे आहे ते बघायचं, नमस्कार करायचा आणि माळ वळवायची. आणि वडाळाताई म्हणतात ते बोलणं माळेच्या आधी ठेवा, नंतर नको, नंतर तुमची ऑफिसची घाई असणार.

वडाळा_भजनी_मंडळ

दोन वाक्यं पुष्कळ आहेत हो ताई. भांडुपच्या एका मंडळातल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, दर एकादशीला संध्याकाळी बसतात त्या, मेसेज करते तुम्हाला. टाळ नसला तरी या, तिथे जास्तीचे असतात.